तळणीच्या तेलाचं डिझेल: कुणाच्या खात्यात किती?

‘स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं बायोडिझेल (डिझेलऐवजी चालणारं इंधन) करून त्यावर गाड्या पळणार’ असा मेसेज फिरतोय. कल्पना मला आवडते, पण त्यात बरीच सरमिसळ आहे.

भाजीची देठं, साली, उष्टं अन्न यांचं बायोडिझेल होत नाही, बायोगॅस होतो. इंदूरला रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, त्यातून बससाठी गॅस मिळतो. बायोडिझेलला लागतं तेल किंवा चरबी. चकल्या-करंज्या झाल्यावर कढईत उरतं ते तेल चालतं. गाळून, पाणी काढून, मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवलं की इंधन वर येतं, ग्लिसरीन खाली बसतं. (हे मिथेनॉल बहुतेक वेळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच येतं, हे मेसेजवाले सांगत नाहीत.)

आता फायदा किती? युरोपीय संघाच्या नियमात अशा बायोडिझेलमुळे साध्या डिझेलपेक्षा सुमारे ८४ टक्के कमी हरितगृह वायू धरले जातात. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही कमी, नायट्रोजन ऑक्साइड मात्र किंचित जास्त. पण त्या ८४ टक्क्यांमागे एक गृहीतक आहे: तेल टाकाऊ होतं, म्हणून ते गोळा करेपर्यंतचं प्रदूषण शून्य.

आपल्याकडे हॉटेलचं तेल टाकाऊ असतं का हो? काळं पडलेलं तेल डब्यातून स्वस्तात विकलं जातं आणि कुठल्या तरी हातगाडीवर पुन्हा उकळतं. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने) १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांपेक्षा जास्त ‘पोलर कंपाउंड्स’ (पुन्हा पुन्हा तळल्याने तेलात साठणारे अपायकारक पदार्थ) असलेलं तेल वापरायला बंदी केली, जमा करायची योजनाही आणली. नियम चांगला आहे. पण ते तेल डिझेलकडे वळवलं की हातगाडीवाला तळणं थांबवणार नाही, तो ताजं पामतेल आणणार. ते बहुतांशी इंडोनेशिया-मलेशियातून येतं, आणि तिथे पामसाठी जंगलं कशी गेली ते आपण वाचलेलं आहे. म्हणजे पर्यावरणाचा फायदा ८४ टक्क्यांवरून बराच खाली येतो. युरोपात तर ‘वापरलेलं’ म्हणून चक्क ताजं पामतेल खपवल्याचे संशय आहेत, कारण हरित इंधनाचं लक्ष्य मोजताना टाकाऊ तेलाच्या इंधनाला तिथे दुप्पट श्रेय मिळतं.

तरीही मी या योजनेच्या बाजूने आहे. ते जळकं तेल गरिबाच्या पोटात जायचं थांबतं, एवढं कारण मला पुरतं. फक्त तो फायदा आरोग्याचा आहे, त्यावर हवामानाचा शिक्का मारू नका. शिवाय एकूण आवाका बघा. देशात २२० कोटी लिटर वापरलेलं तेल मिळू शकतं असा सरकारी अंदाज होता. ते सगळं गोळा झालं तरी वार्षिक डिझेल खपाच्या जेमतेम दोन टक्के भरेल.

खरं टाकाऊ तेल आहे ते आपल्या सिंकमध्ये ओतलेलं. ते ड्रेनेजमध्ये थिजतं, पाइप तुंबवतं, नदीवर तवंग धरतं. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात तेल आणि वाइप्स मिळून सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. तो फोडून काढला आणि त्यातल्या काही भागाचं पुढे बायोडिझेलच केलं. घरच्या तेलाचा हिशेब असा स्वच्छ आहे, कारण ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं नव्हतं.

अडचण गोळा करण्याची. घरटी अर्धा-पाऊण लिटरसाठी टेम्पो फिरवला तर वाचवलेलं डिझेल रस्त्यातच जळेल. त्यामुळे सोसायटीत एकच कॅन, सुक्या कचऱ्याशेजारी, आणि भरला की फोन. दिवाळीनंतर तो लवकर भरेल. न्यायला येणाऱ्याला एकच विचारा: तेल कुठल्या बायोडिझेल कारखान्यात जातं, पावती दाखवा. टाळाटाळ केली तर कॅन देऊ नका. भाव चांगला देत असेल तर आणखीच नका देऊ, २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी तयार बायोडिझेललाच लिटरला ५१ रुपये देऊ केले होते. तयार बायोडिझेलच्या जवळपासचा भाव कुणी वापरलेल्या तेलालाच देत असेल, तर ते कुठे चाललंय याची मला शंका येते.