खुलासा : ‘एसयूएस ६८’ म्हणजे ६८ टक्के लोक समाधानी नव्हे

‘एसयूएस ६८ आला, म्हणजे ६८ टक्के वापरकर्ते खूश’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. (मीही एका सादरीकरणात हेच ठोकून दिलं होतं.) एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) म्हणजे एखादं अ‍ॅप किंवा यंत्रणा वापरायला किती सोपी वाटते, हे १०० पैकी गुणांत मोजणारी प्रश्नावली. जॉन ब्रुक यांच्या १९८६ च्या या प्रश्नावलीत १० विधानं असतात, उत्तरं १ ते ५. विषम विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा. सम विधानं उलट्या सुरात असतात, म्हणून त्यांचं उत्तर ५ मधून वजा. बेरजेला २.५ ने गुणायचं. आता सगळ्यांनी दहाही ठिकाणी मधल्या ३ वरच खूण केली तर? गुण ५०, पण समाधानी एकही नाही! शिवाय अनेक अभ्यासांची सरासरीच ६८ च्या आसपास आहे, म्हणजे हा गुण जेमतेम मधला. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा हिशोब जोडा.