किकरला गुण फुकट मिळतात? वॉटकिन्सच्या ९२ सामन्यांचा हिशेब

इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये (रग्बीचा तेरा खेळाडूंचा प्रकार) सलग सामन्यांत गुण मिळवण्याच्या विक्रमाचा विषय निघाला, की डेव्हिड वॉटकिन्सचं नाव येतं आणि पाठोपाठ ठरलेला शेराही येतो: "तो किकर होता. किकरला प्रत्येक सामन्यात गुण मिळणारच. खरा विक्रम ट्राय करणाऱ्याचा. शिवाय काळ सोपा, संघ तगडा, समोरचे लिंबूटिंबू. आज कुणीही मोडेल." (किकर म्हणजे संघासाठी गोलची किक मारणारा; चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून गेला की गोल. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवणं.) हे इतक्यांदा ऐकलंय की एकेक मुद्दा घेऊन बघायलाच हवा.

आधी आकडे. १९ ऑगस्ट १९७२ ते २५ एप्रिल १९७४ या काळात वॉटकिन्सने सॅलफर्ड क्लबकडून सलग ९२ सामन्यांत गुण मिळवले. ४१ ट्राय, ४०३ गोल, एकूण ९२९ गुण. तेव्हा ट्रायला ३ गुण मिळत (४ झाले १९८३ मध्ये) आणि गोलला २. गुणाकार करून बघा, ताळा जुळतो.

"किकरला गुण मिळणारच."

मिळणारच असते तर अशा खेळाडूंची रांग लागली असती. उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डला जमून मूळ रग्बी युनियनपासून फुटले ते १८९५ मध्ये, आणि त्यातूनच रग्बी लीग आली. एका अख्ख्या हंगामात क्लबचा प्रत्येक सामना खेळून प्रत्येकात गुण मिळवणारा पहिला खेळाडू विडनेसचा जिम होई, आणि त्याचा हंगाम १९३२-३३. मधल्या सदतीस वर्षांत प्रत्येक क्लबकडे किकर होताच की!

अडतं कुठे, तर पहिली गोष्ट म्हणजे दुखापत. रग्बी लीगमध्ये किकरला वेगळं राखून ठेवत नाहीत. तोही इतरांसारखाच टॅकल करतो (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडतो) आणि टॅकल खातो. दुसरं, ट्रायनंतर मिळणारी गोलची किक ट्राय जिथे झाला त्या रेषेतच मागे येऊन मारावी लागते. विंगरने (अगदी कडेला खेळणाऱ्याने) कोपऱ्यात चेंडू टेकवला की किकर थेट बाजूच्या रेषेपाशी, म्हणजे कोन अवघड. संघाचा ट्रायच झाला नाही आणि टप्प्यात पेनल्टीही (समोरच्यांच्या नियमभंगाबद्दलची किक) मिळाली नाही, तर किक मारायची वेळच येत नाही. दोन-तीन किक चुकल्या की कप्तान चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो, ते वेगळंच. आणि तेव्हाचा हंगाम ऐन हिवाळ्यातून जायचा: चिखलात टाचेने खळगा करायचा, त्यात पाणी पिऊन जड झालेला चामडी चेंडू उभा करायचा आणि मारायचा. हे वीस महिने, तेही सरासरी आठवड्याला एकाहून जास्त सामने खेळत.

वॉटकिन्सला मुळात किकसाठी आणलंही नव्हतं. तो वेल्सच्या रग्बी युनियन संघाचा कप्तान. १९६७ मध्ये सॅलफर्डने त्याला मोठी रक्कम मोजून घेतलं ते स्टँड-ऑफ (चाली रचणारा खेळाडू) म्हणून, पुढे तो सेंटरला (स्टँड-ऑफ आणि विंगरच्या मधल्या जागी) खेळू लागला. केवळ किकर असता तर ४१ ट्राय आले कुठून? साधारण दर सव्वादोन सामन्यांमागे एक ट्राय पडतो. सेंटरला खेळणाऱ्या कुणालाही हा आकडा मिरवता येईल.

"खरा विक्रम ट्रायचा."

इथे लीड्सच्या एरिक हॅरिसचं नाव पुढे केलं जातं. टूवूंबाचा हा ऑस्ट्रेलियन विंगर १९३५-३६ च्या हंगामात सलग १७ सामन्यांत ट्राय करत गेला. त्या १७ सामन्यांत ३६ ट्राय आणि हंगामात ६३. अफाटच आहे हे, त्यावर वाद नाही. पण १७ आणि ९२ एकाच तराजूत टाकायचे कशाला? राहुल द्रविड एकदिवसीय क्रिकेटमध्ये सलग १२० डावांत शून्यावर बाद झाला नाही. त्याची तुलना कुणी लागोपाठच्या शतकांशी करत नाही. एकात कमाल बघतात, दुसऱ्यात खंड पडला नाही हे. वॉटकिन्सचे शंभरातले जवळजवळ ८७ गुण गोलांचे आहेत, हे मान्यच. तो आक्षेप एकूण गुणांच्या यादीवर घ्या. सलग सामन्यांच्या विक्रमाला त्याने धक्का लागत नाही.

"काळ सोपा होता."

यात थोडं तथ्य आहे. पेनल्टी मिळाली की गोलकडे किक मारायची रीत तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होती. दुसरा आधार दिला जातो तो नियमबदलाचा: ब्रिटनमध्ये १९७२ पासून चार टॅकलऐवजी सहा टॅकलपर्यंत चेंडू एकाच संघाकडे राहू लागला, म्हणून गुण वाढले. हा आधार मात्र टिकत नाही. १९७२-७३ मध्ये वॉटकिन्सने ४७ सामन्यांत २२१ गोल केले. त्याआधीचा उच्चांक ओल्डहमच्या बर्नार्ड गॅनलीचा, २१९ गोलांचा, १९५७-५८ मधला. तेव्हा टॅकलला मर्यादाच नव्हती! दोन अगदी वेगळे नियम, आणि फरक दोन गोलांचा. शिवाय सहा टॅकलचा नियम एकट्या सॅलफर्डसाठी आला नव्हता.

"संघ तगडा, समोरचे लिंबूटिंबू."

पहिल्या हंगामापुरतं निम्मं खरं. १९७२-७३ मध्ये तीसही क्लब एकाच गुणतक्त्यात होते, त्यामुळे तळातले दुबळे संघही वाट्याला यायचे. पण १९७३-७४ पासून दोन विभाग झाले. वरच्या विभागात सोळा क्लब उरले, आणि सॅलफर्ड त्याच वर्षी विजेता ठरला. वॉटकिन्सची मालिका त्या हंगामातही एप्रिलअखेरपर्यंत चालली.

"आज कुणीही मोडेल."

मोडू दे की. फक्त सामने मोजा. अलीकडे सुपर लीगच्या (आताच्या सर्वोच्च विभागाच्या) नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला २७ सामने येतात. चषक आणि प्लेऑफ धरले तरी तिशीच्या आसपास. म्हणजे ९२ चा आकडा ओलांडायला तीन हंगाम लागणार. तेवढा काळ संघातली जागा टिकली पाहिजे, एकाही सामन्यात पाटी कोरी राहता कामा नये, आणि किक मारण्याचं काम मधल्या काळात दुसऱ्या कुणाकडे जाता कामा नये.