खारपाणातल्या विहिरीत फायबर सोडण्याआधी

अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज असा: ‘समुद्राचा खारेपणा मोजणारी ऑप्टिकल फायबर आता विहिरीसाठी. प्रकाश थेट मीठ मोजतो. चूक होत नाही, वीज लागत नाही. टीडीएस मीटर फेका. पाणी शेताला चालेल का, लगेच कळेल.’

प्रकाश मीठ मोजत नाही, पाण्याचा अपवर्तनांक (पाण्यात शिरताना प्रकाश किती वाकतो, त्याचा आकडा) मोजतो. गोड्या पाण्याचा सुमारे १.३३३, समुद्राचा (किलोला ३५ ग्रॅम क्षार) १.३३९. त्यातही ग्रामपंचायतीत आलेली इंटरनेटची फायबर बुडवून काही कळणार नाही. तिच्यातला प्रकाश गाभ्यातच राहतो, बाहेर पाणी आहे की माती, त्याला पत्ता नसतो. सेन्सरसाठी तिचं आवरण झिजवावं लागतं, ती ताणून बारीक करावी लागते किंवा तिच्यात सूक्ष्म जाळी कोरावी लागते.

‘चूक होत नाही’ हे मात्र फारच झालं. लिटरला दोन ग्रॅम क्षार म्हणजे विहिरीसाठी चांगलंच खारं पाणी. तेवढ्याने अपवर्तनांक वाढतो ०.०००४ च्या आसपास. पाणी चारेक अंशांनी तापलं, की तो जवळपास तितकाच उतरतो! म्हणजे तापमानात एका अंशाची गफलत झाली, तर खारेपणात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची. पिण्याच्या पाण्यात टीडीएसची (एकूण विरघळलेल्या क्षारांची) स्वीकार्य मर्यादाच मुळी ५०० आहे. वैशाखात उपसलेल्या बादलीला एक अंश चढायला किती वेळ लागतो? टीडीएस मीटर मोजतो ती पाण्याची विद्युतवाहकताही तापमानाने बदलते, पण अंशाला सुमारे दोन टक्के. याच पाण्यात ती चूक ४० मिलिग्रॅमची, आणि बरेच मीटर ती आपणच दुरुस्त करतात. म्हणून फायबरवाल्यांना तापमान वेगळं मोजावंच लागतं.

वीज पाण्यातल्या टोकाला लागत नाही, हे खरं. दुसऱ्या टोकाचा प्रकाशस्रोत आणि तरंगलांबी वाचणारं यंत्र काय हवेवर चालतं?

बरं, समुद्रातही मीटर फेकलेले नाहीत. १९७८ च्या मापनश्रेणीत समुद्राच्या खारेपणाची व्याख्याच वाहकतेवर आहे, आर्गो या जागतिक सागरी निरीक्षण प्रकल्पाचे तरंगते फ्लोटही तीच मोजतात. फायबरचं मोल वेगळं आहे. विद्युतभार नसलेलं विरघळलेलं सिलिकेट वाहकतेला दिसत नाही, अपवर्तनांकाला दिसतं. पाण्याची घनता काढणाऱ्यांना ते हवं असतं.

राहिलं शेत. खारपाणात जमीन चोपण होते ती सोडियमने. मातीचे कण सुटे होतात, निचरा खुंटतो. सोडियम किती आणि कॅल्शियम किती, हे नुसत्या अपवर्तनांकावरून कळत नाही. टीडीएस मीटरलाही कळत नाही. त्यासाठी पाण्याची बाटली प्रयोगशाळेतच न्यावी लागते, आणि अहवालात एसएआरचा (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, त्याचा) आकडा दिलाय का, तेही बघून घ्यावं लागतं.