उलटलीच तर

जुनी जीप घेताना घरात एकदाच बोलणी खावी लागतात. त्या जीपला रोल केज, म्हणजे माणसांभोवती पाइपांचा संरक्षक सांगाडा, बसवायचा म्हटलं की रोज खावी लागतात. कारण 'हे कशासाठी?' या प्रश्नाला खरं उत्तर एकच आहे: गाडी उलटली तर आतल्यांची डोकी शाबूत राहावीत म्हणून. आणि हे वाक्य मराठी घरात, त्यातून दिवेलागणीला, उच्चारायचं नसतं. मी उच्चारलं. आई देवापाशी होती. "शुभ बोल नाऱ्या," एवढंच म्हणाली आणि उदबत्ती माझ्याही दिशेने ओवाळली.

बायकोचा मुद्दा जास्त तर्कशुद्ध होता. "उलटेल हे माहीत असून जायचंच कशाला?" याला आजवर कुठल्याही ऑफ-रोडवाल्याला, म्हणजे रस्ता सोडून मुद्दाम चिखला-दगडांतून गाडी घालणाऱ्याला, उत्तर सुचलेलं नाही.

आमची गाडी महिंद्राची एमएम 540. प्यूजोचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन, आवाजाला भरपूर, वेगाला बेताचं. डोक्यावर कापडी हूड. हूड ज्यावर ताणलेलं असतं ते पाइप पाहून पाहुण्यांना वाटतं, हाच तो केज. ते पाइप पावसापासून वाचवतात, आणि तेही पाऊस सरळ पडत असेल तर. आता, चढ-उतारावर किंवा ओढ्यात जीप उलटते ती काही सिनेमातल्यासारख्या कोलांट्या घेत नाही. बहुतेक वेळा ती सावकाश, जणू विचार करत करत कलंडते. तेवढ्या वेळात आत बसलेला माणूस उपजत शहाणपणाने हात बाहेर काढतो आणि जमिनीला टेका द्यायला जातो. टनाच्या वर वजनाच्या गाडीला मनगटाचा टेका! म्हणून शिकवणारे आधी बजावतात, काही झालं तरी हात आत. केजचा पाइपसुद्धा बाहेरच्या बाजूने धरायचा नाही, कारण जमीन तिकडूनच येणार असते.

मी आमच्या ऑफ-रोडवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, "केज कसा घ्यावा?" अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस. काळा की गाडीच्या रंगाचा, मॅट की चकचकीत, वर एलईडीचा पट्टा लावायला जागा ठेव, मागे जेरी कॅनचा स्टँड कर, कुणी तर सरळ गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतल्या चिखलाने माखलेल्या गाड्यांचे फोटो टाकून "असा कर" म्हणून मोकळा झाला. पाइप किती जाड घ्यावा, यावर चकार शब्द नाही. पाइपाची जाडी फोटोत येत नाही ना.

एका बँकवाल्या मित्राने वेगळाच मार्ग काढला. "थार घे. केज कंपनीच देते." खरं आहे. 2 ऑक्टोबर 2020 ला आलेल्या थारला केज आतच बांधलेला असतो, आणि गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारेही मिळाले. थार घेतली की केजचा प्रश्न सुटतो आणि बाकीचे सगळे हप्त्याने सुरू होतात. मित्र बँकेत आहे हे मी मघाशी सांगितलंच.

सांगलीचे मामा आले होते. त्यांना केज हा प्रकारच पटला नाही. "आमच्या ट्रॅक्टरला कुठं आहे असलं काय?" मी माहिती पुरवली की स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "स्वीडनमध्ये ऊस असतो का?" नसतो म्हणालो. "मग!" म्हणाले आणि विषय संपला. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ओढ्याच्या पुलावरून जाणाऱ्या माणसाशी सुरक्षिततेवर वाद घालायला मी काही तयारीनिशी बसलो नव्हतो.

पाइपाच्या बाजारात शिरलं की शाळेत गणिताला घाबरणारा माणूस पुन्हा घाबरतो. प्लंबरकडे 'दीड इंची' मागितला तर बाहेरून 48.3 मिलिमीटरचा पाइप हातात येतो. ट्यूबवाल्याकडे 'दीड इंची' मागितला तर 38.1 चा. कारण नळाच्या पाइपाचं माप त्यातून पाणी किती जाईल यावरून पडलेलं, आणि ट्यूबचं माप बाहेरून. जाडी सांगायची तर गेजमध्ये, आणि गेजचा हिशोब उलटा. 16 गेज म्हणजे 1.6 मिलिमीटर, 14 गेज म्हणजे 2. आकडा वाढला की पाइप पातळ. त्यातून जुने कारागीर सुतात बोलतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एकाच दुकानात एकाच पाइपाबद्दल मालक मिलिमीटरमध्ये, पोऱ्या गेजमध्ये आणि मिस्त्री सुतात बोलत होता, आणि तिघंही बरोबर होते.

त्यात पुन्हा जाती. ईआरडब्ल्यू म्हणजे पत्रा गोल वळवून कडा विजेच्या उष्णतेने जोडलेला, शिवणीचा पाइप. सीमलेस म्हणजे बिनशिवणीचा. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नळाला लावायचा. जीआय वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री मिस्त्रीला थंडी वाजून ताप येतो. तरीही जीआयचे केज सर्रास बनतात. स्वस्त, आणि गंजत नाही. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा नियम मात्र सरळ आहे: मुख्य कमान (सीटच्या मागची उभी) थंड अवस्थेत ओढलेल्या सीमलेस कार्बन स्टीलच्या पाइपाची, कमीत कमी 45 मिलिमीटर व्यास आणि 2.5 जाडी, नाहीतर 50 व्यास आणि 2 जाडी. हा नियम मला तोंडपाठ झाला. मुलीची सातवीची प्रमेयं मला येत नाहीत, हे बायकोने त्याच दिवशी लक्षात आणून दिलं.

भोसरीत एका फॅब्रिकेटरचं नाव कळलं होतं. शेडबाहेर खिडक्यांच्या ग्रिल, एका देवळाचं गेट, वडापावची गाडी आणि या सगळ्यांच्या मधोमध एक तयार केज. काळा, चकचकीत, देखणा. मिस्त्रीने पान्याने त्यावर ठण्णकन वाजवलं. "ऐका." मी ऐकलं. आवाज मोठा आला, म्हणजे आत पोकळीही मोठी असणार. खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला (हो, मी हल्ली खिशात व्हर्नियर ठेवतो, यावरही घरात बोलणं झालेलं आहे) आणि शेजारी पडलेल्या कापलेल्या तुकड्याच्या तोंडाला लावला. 1.6.

"मिस्त्री, हा सोळा गेज आहे."

"साहेब, चार माणसं उभी करतो वर. बघताय?"

"माणसं नाही हो, जीप पडणार आहे त्याच्यावर."

"पाडता कशाला?"

मिस्त्रीची आणि माझ्या बायकोची ओळख नाही, तरी वाक्य तेच.

मग वाकवण्याचा विषय निघाला. "वाळू भरायची, गॅसने लाल करायचा, की लोण्यासारखा वाकतो," मिस्त्री म्हणाले. एफआयए म्हणतं, पाइप थंडच वाकवायचा, आणि वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. देखण्या केजच्या कोपऱ्यावर मी बोट फिरवलं. बाहेरून गुळगुळीत, आतल्या बाजूला सुरकुत्या. सुरकुती पडली म्हणजे पुढच्या वेळी पाइप तिथेच घडी घालणार. जोडाचंही तसंच. गोल पाइपाला गोल पाइप भिडवायचा तर एकाचं टोक खोलगट कापून दुसऱ्याच्या पाठीवर फट न ठेवता बसवावं लागतं. ते वेळखाऊ काम. सोपा उपाय म्हणजे सरळ कापायचं, राहिलेली फट वेल्डिंगने भरायची, ग्राइंडर मारायचा, वर पुट्टी, वर रंग. नखाने खरवडलं तर पुट्टीची पूड निघाली. मिस्त्रींना राग आला नाही, हा त्यांचा मोठेपणा. "साहेब, हा शोचा आहे. तुम्हाला कामाचा पाहिजे असं बोला की आधी." आणि खरोखर, कामाचा म्हटल्यावर माणूस बदलला. खडू घेऊन फरशीवरच चौकट काढायला बसले.

त्या चौकटीत एक तिरका पाइप असतो. मुख्य कमानीच्या वरच्या एका कोपऱ्यातून खालच्या समोरच्या कोपऱ्यात जाणारा. चौकोन बाजूने दाबला तर तो लवंडून सपाट होतो, त्रिकोण होत नाही. म्हणजे सगळ्या केजमध्ये खरं काम कोण करत असेल तर हा तिरका. आणि सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो तोही हाच. मिस्त्री म्हणाले, "हा नसता तर मागनं मोकळं दिसलं असतं." मुलगी म्हणाली, "मी मागे बसून पुढचं बघू कसं?" आईला चित्र दाखवलं तर तिने बरोबर त्याच्यावर बोट ठेवलं, "हे मधेच आडवं काय आलंय?" ग्रुपवर मतदान झालं असतं तर तिरका पाइप अनामत जप्त होऊन पडला असता. मी बधलो नाही.

पण केज उभा कशावर करणार? जीपचा तळ पत्र्याचा, आणि पत्र्याचं वय माझ्या नोकरीइतकं. गाडी उलटली की केजचे पाय तो पत्रा भोसकून सरळ खाली जाणार. त्यासाठी एफआयएच्या हिशोबाने प्रत्येक पायाखाली निदान 3 मिलिमीटर जाड आणि 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी, तिला कमीत कमी तीन एम 8 (8 मिलिमीटरचे) बोल्ट, तेही 8.8 ग्रेडच्या मजबुतीचे. पट्टी वेल्ड करायला चटई उचलली तर पत्रा चटईबरोबरच वर आला. पत्रा बदलायला घेतला तर खाली शासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडाच, कुरतडलेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे तोवर ठरूनच गेलं होतं.

वजन तर विचारूच नका. 45 बाय 2.5 चा पाइप मीटरला सुमारे 2.6 किलो. सोळा-सतरा मीटर लागतो. म्हणजे चाळीसच्या वर किलो, आणि त्यातलं बरंचसं डोक्याच्या पातळीला. वजन वर गेलं की गाडी लवकर कलंडते. कलंडली तर वाचावं म्हणून जे बसवायचं त्यानेच ती जास्त कलंडणार! नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोती नाक ओढून उताराकडे नेतो. म्हणून छताकडचे पाइप मी जेमतेम ठेवले आणि वर सामान बांधायचं कॅरियर सुचवणाऱ्यांचे नंबर म्यूट केले.

शिवाय सीटचा पट्टा नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. बिनपट्ट्याचा माणूस केजमध्ये मोकळा आदळत राहतो आणि डोकं थेट स्टीलवर. म्हणून आधी पट्टे. मग हेल्मेट. आणि डोक्याजवळच्या पाइपांना खास पॅडिंग. एसीच्या पाइपाला लावतात तो काळा मऊ फोम स्वस्त मिळतो, दिसतोही झकास. बोटाने दाबला तर बोट पाइपाला लागतं. डोकं काही बोटापेक्षा हलकं नसतं.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल: कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार नको. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, म्हणजे गाडी तपासायला उभी करणं आलंच. तात्पर्य, केज नटबोल्टचा. रस्त्यावर उतरायचा, बंदिस्त मैदानावर चढवायचा. हेल्मेट न घालता रोजच्या रस्त्यावर कानाजवळ स्टील घेऊन फिरण्यातही शहाणपण नाहीच. आता मैदानापर्यंत जायचं तर केज टेम्पोत, आणि टेम्पो करायचाच तर थोडा मोठा करून जीपही त्यातच. चालू स्थितीतली जीप ऐटीत ट्रकवर बसून जाते आणि तिच्या मागोमाग आम्ही एसटीने.

आणि एरवी केज राहतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एकसंध, उभा. पहिल्या दिवशी त्यावर मुलं लोंबकळली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंच्या चादरी वाळत होत्या. तिसऱ्या दिवशी नोटीस: सामायिक जागेत अनधिकृत बांधकाम. मी सेक्रेटरींना खाली घेऊन आलो, बोल्टची भोकं दाखवली, व्हर्नियर लावून 2.5 दाखवलं, एफआयए सांगितलं. त्यांनी केजभोवती एक फेरी मारली. धरून हलवून पाहिला. हलला नाही.

"मजबूत आहे हो," ते म्हणाले. "गणपतीत मखराला असाच सांगाडा लागतो आपल्याला. दरवर्षी मांडववाल्याला पैसे देतो फुकट."

"न्या की," मी म्हणालो. नोटीस मागे घेण्याच्या बदल्यात दहा दिवस काही जास्त नव्हते.

"फक्त एक करा," सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून म्हणाले, "मूर्ती समोरून नीट दिसली पाहिजे. तो तिरका पाइप तेवढा काढून टाका."