स्पेकल्ड ट्राउट वर्षातून एकदाच अंडी घालतो का?

टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींमध्ये, आणि उन्हाळ्यात गॅल्व्हस्टनला मासेमारीसाठी जाणाऱ्या ह्यूस्टनच्या मराठी कुटुंबांमध्येही, स्पेकल्ड ट्राउट या ठिपकेदार माशाविषयी एक मजकूर पुनःपुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: हा मासा एप्रिल-मेच्या पौर्णिमेला खोल समुद्रात जाऊन एकदाच अंडी घालतो, जून लागला की त्याचा विणीचा काळ संपतो, मोठी मादी म्हातारी झालेली असते, म्हणून ती खुशाल घरी न्यावी, एकेक मादी लाखो अंडी देत असल्याने मासा कमी होण्याची भीती नाही, आणि सोडून दिलेला मासा तसाही मरतोच. यातील प्रत्येक विधानात सत्याचा एखादा कण आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मानून वागणारी माणसे नेमक्या त्याच माद्या उचलतात ज्यांच्यावर पुढची पिढी उभी राहते.

हा मासा थंड, गोड्या पाण्यातल्या ट्राउटच्या कुळातला नाही. त्याचे शास्त्रीय नाव सायनोसिऑन नेब्युलोसस असून तो आपल्याकडच्या घोळ, कोथ आणि ढोमा यांच्या कुळात मोडतो. या कुळातील अनेक माशांप्रमाणे त्याचा नर वाताशयाभोवतीचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे, स्नायू कंप पाववून ढोलासारखा आवाज काढतो, आणि हा आवाज प्रामुख्याने विणीच्या वेळीच ऐकू येतो. मादी असा आवाज काढत नाही. पाण्यात ध्वनिग्राहक सोडून मासा कधी आणि कुठे वीण करतो हे ऐकता येते ते यामुळेच, आणि त्यामुळे या विषयावर अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही.

'एकदाच' हा शब्द सर्वांत घातक आहे, म्हणून त्याकडे आधी पाहू. ऐन हंगामातील मादीची गाभोळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर तिच्यात एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांतील अंडी दिसतात: अजून न वाढलेली बारीक अंडी, पीतकाने (पिवळ्या बलकाने) भरलेली अंडी, पाणी शोषून पारदर्शक झालेली व त्याच संध्याकाळी बाहेर पडणारी अंडी, आणि कित्येकदा आदल्या खेपेच्या अंड्यांची रिकामी आवरणेही. याचा अर्थ ही मादी खेपेखेपेने अंडी घालते आणि एक खेप बाहेर पडत असतानाच पुढची तयार होत असते. हंगामाच्या सुरुवातीला तिच्या पोटात जेवढी अंडी असतात तेवढीच तिची वर्षाची पुंजी, असा हिशेब या माशाला लागू पडत नाही, कारण नवी अंडी हंगामभर तयार होत राहतात. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनच्या परिसरात झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मादी एप्रिलअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सरासरी दर चार-पाच दिवसांनी अंडी घालत असल्याचे आढळले. मेक्सिकोच्या आखातात हे अंतर जागेनुसार कमी-जास्त होते, पण हंगाम तिथेही ढोबळमानाने एप्रिल ते सप्टेंबर असाच चालतो. जून, जुलै, ऑगस्टमध्ये पकडलेली भरल्या पोटाची मादी म्हणजे विणीचा काळ सरल्यावर मागे राहिलेली मादी नव्हे; ती ऐन विणीतली मादी असते.

पौर्णिमेचे काय? काही ठिकाणी चंद्रकलेनुसार विणीचे प्रमाण वाढते-घटते, हे खरे. मात्र वीण सुरू होते ती पाणी पुरेसे तापले आणि दिवस मोठा झाला की. टेक्सासच्या मत्स्यबीज केंद्रांत ठेवलेल्या माशांना प्रकाश आणि तापमान बदलून हंगामाबाहेरही अंडी घालायला लावतात, आणि त्या टाक्यांवर ना चंद्र उगवतो ना तिथे भरती येते. याहून बोलका पुरावा हार्वी चक्रीवादळाने दिला. २५ ऑगस्ट २०१७ रोजी हे वादळ टेक्सासमधल्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा जवळच्याच अरॅन्सस पासच्या परिसरात या माशाच्या विणीच्या जागी ध्वनिग्राहक आधीपासून लावलेले होते. वादळाचा डोळा त्या भागावरून गेला त्या दिवशीही नरांचे आवाज नोंदले गेले, आणि पुढचे काही दिवस वीण नेहमीपेक्षा सुमारे दोन तास अलीकडे सुरू होत राहिली, पण खंडली नाही. त्या दिवशी पौर्णिमा नव्हती; चारच दिवसांपूर्वी, २१ तारखेला, अमेरिकेतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, म्हणजे अमावस्या नुकतीच होऊन गेली होती. इतका चिवट मासा वर्षातल्या एका रात्रीची वाट पाहत बसतो, हे मानणे कठीण आहे.

खोल समुद्राची गोष्टही तशीच. हा मासा दूरदूर भटकत नाही. खुणेच्या चिठ्ठ्या लावून सोडलेले बहुतेक मासे आपल्याच खाडीत किंवा तिच्या शेजारी पुन्हा सापडले आहेत. तो वीण करतो ती खाडीची मुखे, बेटांमधल्या वाटा आणि समुद्रगवताच्या कडेचे खोलगट प्रवाह अशा जागी, सूर्यास्ताच्या आसपास. ज्या जागी आणि ज्या वेळी गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते, तीच ही जागा आणि तीच ही वेळ आहे.

आता मोठ्या मादीविषयी. चार्ल्सटनच्या त्याच अभ्यासानुसार एक वर्षाची मादी हंगामात सुमारे ३२ लाख, दोन वर्षांची सुमारे ९५ लाख आणि तीन वर्षांची सुमारे पावणेदोन कोटी अंडी देते. तीन वर्षांची एक मादी गमावणे म्हणजे एक वर्षाच्या पाचांहून अधिक माद्या गमावणे होय. शिवाय या जातीत नर हळू वाढतात, त्यामुळे गळाला लागलेला थोराड मासा बहुधा मादीच असतो. तिला 'म्हातारी' म्हणून बाजूला काढणाऱ्या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि करतो मात्र नेमके उलटे.

लाखो अंड्यांचा युक्तिवाद आकड्यापाशी थांबतो. त्या अंड्यांचे पुढे काय होते याकडे तो पाहत नाही. अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे असते, कोमट पाण्यात एका दिवसाच्या आत फुटते, आणि त्यातून निघालेली अळी प्रवाहाबरोबर वाहत समुद्रगवतात किंवा खाजणाच्या कडेला पोहोचली तरच जगते. पुराने खाडीची क्षारता एकदम उतरली तर अंडी तरंगत न राहता तळाशी बसतात. ज्या खाड्यांचे पाणी मुळातच कमी खारे असते तिथल्या माद्यांची अंडी मोठी आणि अधिक तरंगणारी असतात, पण अचानक आलेल्या बदलाला ही जुळवणूक पुरी पडत नाही. प्रौढ माशावरही संकटे येतात: फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर सर्व जातींचे मिळून किमान ३८ लाख मासे मेले, आणि दक्षिण टेक्सासच्या लगूना माद्रे या खाडीत स्पेकल्ड ट्राउटची मोठी हानी झाली. मासा अमाप आहे असे मानणाऱ्यांनी पुढे झालेले नियमबदलही पाहावेत. लुइझियानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवसाची मर्यादा २५ वरून १५ माशांवर आणली आणि लांबी १३ ते २० इंच ठरवून त्याहून मोठे दोनच ठेवण्याची मुभा दिली. टेक्सासने २०२४ मध्ये ३ मासे आणि १५ ते २० इंच अशी मर्यादा घातली, फक्त अपवादात्मक मोठ्या माशासाठी वेगळी तरतूद ठेवली.

सोडलेला मासा मरतोच, हेही खरे नाही. ओठात अडकलेला गळ चटकन काढून, ओल्या हातांनी धरून पाण्यात सोडलेले बहुतेक मासे जगतात. धोका असतो तो आमिष गिळल्यामुळे गळ घशात किंवा कल्ल्यांत रुतल्यास, आणि तेव्हा गळ ओढून काढण्याऐवजी दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा.