बुक क्लबचं पहिलं पुस्तक कोणतं, यावरून आमच्यात झालेलं भांडण

२०२५ च्या जून-जुलैत आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज दोनदोनशे मेसेज पडत होते. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा महाराष्ट्र सरकारचा १६ एप्रिलचा जीआर, मग १७ जूनचा सुधारित जीआर, ज्यात फक्त शब्द फिरवलेत असं आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, मग २९ जूनला दोन्ही रद्द, त्रिभाषा धोरणावर विचार करायला नेमलेली नरेंद्र जाधव समिती, ५ जुलैचा ठाकरे बंधूंचा वरळीचा मेळावा. हे सगळं मी इथे इंग्लंडमध्ये ऑफिसला जाता-येता ट्रेनमध्ये वाचत होते आणि जीव तिकडेच लागला होता. सहा वर्षांच्या पोरांवर तिसरी भाषा लादू नये हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण त्याच दिवसांत मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ आला आणि आमच्या ग्रुपवर त्याला टाळ्या पडल्या, तेव्हा मी फोन पर्समध्ये टाकला आणि दोन दिवस ग्रुप उघडलाच नाही.

कारण मी इथे आले तेव्हा माझं इंग्रजी पुस्तकी होतं, फोनवर समोरचा काय म्हणतोय ते मला तीनदा विचारावं लागायचं, आणि डॉक्टरकडच्या रिसेप्शनवरची बाई तीनदा सांगायची. कधी कपाळावर आठी यायची तिच्या, नाही असं नाही, पण सांगायची. आता इथलंही वारं बदललंय. मे २०२५ मध्ये इथल्या सरकारने स्थलांतरावर श्वेतपत्रिका काढली, त्यात कायम राहण्याचा परवाना मिळायला पाचऐवजी दहा वर्षं थांबायचं आणि इंग्रजीची अट आणखी कडक करायची असं मांडलं, मग बातम्यांखालच्या कमेंट्समध्ये लोक लिहायला लागले की आमच्या देशात राहायचं तर आमची भाषा बोला, नाहीतर चालते व्हा. सकाळी हे वाचायचं आणि संध्याकाळी आपल्या ग्रुपवर जवळपास तेच वाक्य मराठीत वाचायचं. मला हे दोन्ही एकसारखं आहे असं म्हणायचं नाहीये, मराठीची बाजू कमजोर पडत चाललीय आणि इंग्रजीला जगात कुठेच धोका नाही, हा फरक मोठा आहे. पण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो तो दोन्हीकडे तोच असतो, हे मी स्वतःच्या अंगावर काढलेलं आहे.

दोन दिवसांनी ग्रुपवर परत आले आणि एकच प्रश्न विचारला, की आपल्यापैकी प्रत्येकाने शेवटचं अख्खं मराठी पुस्तक कधी वाचलं ते लिहा. माझं उत्तर आधी लिहिलं, चार वर्षांपूर्वी. मग हळूहळू बाकीच्यांचं आलं, कुणाचं दहावीचं अवांतर वाचन, कुणी लॉकडाऊनमध्ये एक वाचलेलं, दोघी-तिघी मात्र सतत वाचणाऱ्या निघाल्या आणि त्यातली एक तर मैत्रिणीची आई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या काकू, ज्यांना मुलीने सहज विचारलं तर त्यांनी गेल्या महिन्याभरातली पाच नावं सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. दर्जा मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे, त्यातून संशोधनाला पैसा येईल, जुनी हस्तलिखितं वाचली जातील, पण माझ्या घरात मराठी राहील की नाही हे दिल्लीतल्या निर्णयाने ठरणार नाही, मी संध्याकाळी हातात काय धरते त्यावर ठरेल. असं सगळं बोलून झाल्यावर त्यातूनच निघालं, की महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटू आणि एक पुस्तक मिळून वाचू. काकूंनाही घेतलं.

वेळ ठरवण्यातच दहा दिवस गेले. भारतात रविवारी रात्री आठ म्हणजे इथे हिवाळ्यात दुपारी अडीच आणि मार्च संपता संपता घड्याळं पुढे सरकली की साडेतीन, न्यूयॉर्कला सकाळ, पण मेलबर्नच्या मैत्रिणीला मध्यरात्र उलटून गेलेली. तिला सोयीची वेळ धरली तर अमेरिकेतले दोघं गाढ झोपेत. सगळ्यांना सोयीची वेळ पृथ्वीवर नाहीच, म्हणून शेवटी एक महिना पूर्वेकडच्यांचा, एक महिना पश्चिमेकडच्यांचा असं ठरवलं. कुणी असा ग्रुप काढणार असेल तर माझं सांगणं हेच की वेळेचं भांडण पहिल्या आठवड्यात मिटवा, आणि झूमची फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांनी बंद पडते हे धरून चाला, ऐन रंगात आलेलं बोलणं तुटतं.

खरं भांडण झालं ते पुस्तकावरून, आणि ते व्हायलाच हवं होतं.

बाहेर राहणाऱ्या आम्हा लोकांना वाचायचं होतं ते लहानपणीचं. वाडा, आजी, एसटीचा प्रवास, हसवणारे लेख, जे आम्ही शाळेत असताना पाठ केलेलं. भारतातल्यांना वाचायचं होतं ते मोठं. मोठं म्हणजे जाडही आणि मानाचंही, पुरस्कार मिळालेलं, अभिजात भाषेच्या पहिल्या बुक क्लबला शोभेल असं. एकाने तर खंडांच्या मालिकेचं नाव सुचवलं. मला दोन्ही बाजूंमागचं प्रेम कळत होतं पण दोन्ही चुकतायत असं वाटत होतं आणि का चुकतायत हे नीट सांगायला मला वेळ लागला.

इथे आमच्या गावाच्या पब्लिक लायब्ररीत एक वाचकगट आहे, मी तीन वर्षं जातेय. लायब्ररी एका पिशवीत एकाच पुस्तकाच्या दहा-बारा प्रती देते, महिनाभर ठेवायच्या, वाचायच्या, मग पिशवी पुढच्या गटाला. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाईंनी सुरुवातच अशी केली की मला हे पुस्तक अजिबात आवडलं नाही. आणि टेबलाभोवतीची माणसं एकदम सावरून बसली, खुश झाली, का आवडलं नाही, कुठे कंटाळलात, मला तर तेच पान आवडलं, असं तासभर चाललं. पुस्तकाचे लेखक नावाजलेले होते, कुणालाही त्या लेखकाचा अपमान झाला असं वाटलं नाही. आपल्याकडे हे फार अवघड आहे. मोठ्या लेखकाचं पुस्तक मला नाही आवडलं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तुला कळलं का ते? दुसरा येतो, तिकडे राहून आता तुला मराठी कशाला आवडेल? हा दुसरा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय आणि तो लागतो. म्हणून माझं म्हणणं असं होतं की पहिलं पुस्तक असं घेऊ की ज्याच्यावर दोन मतं होऊ शकतात आणि ज्याच्यावर मत द्यायला कुणाला स्वतःचं मराठीपण सिद्ध करावं लागणार नाही. आठवणींचं पुस्तक घेतलं तर आम्ही बाहेरचे डोळे पुसत बसू आणि भारतातले कंटाळतील. जाडं घेतलं तर पहिल्या भेटीला सतरातले चार जण वाचून येतील, बाकीचे कॅमेरा बंद ठेवतील आणि तिसऱ्या महिन्यात ग्रुप संपेल. पहिलं पुस्तक संपलंच पाहिजे, दोन-तीन बैठकीत, नोकरी करणाऱ्या आणि पोरं सांभाळणाऱ्या माणसाचं.

काकूंनी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे सुचवली आणि मी जवळजवळ विरघळले. ते भाग १९३४ पासून यायला लागले, नव्वद वर्षं झाली, आणि ती भाषा अजून शेजारी बसून बोलल्यासारखी आहे, शाळेत न गेलेल्या बाईची, नवऱ्याने धर्म बदलल्यावर काय काय झालं ते ती कसलाही आव न आणता सांगते. शिवाय लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, म्हणजे भारतात लेखकानंतर साठ वर्षं असलेला कॉपीराइट केव्हाच संपलाय, कुणीही हक्काने डाउनलोड करू शकतं. मोठं आहे म्हणून फक्त पहिला भाग घेऊ असंही काकू म्हणाल्या. ते आमचं दुसरं पुस्तक ठरलंय आणि मी त्याची वाट बघतेय.

मी सुचवलेलं होतं विश्राम बेडेकरांचं रणांगण. १९३९ साली आलेली छोटीशी कादंबरी, म्हणजे ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षी. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली एक बोट, बोटीवर जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू लोक, घरी परतणारा चक्रधर नावाचा मराठी तरुण, आणि हॅर्टा नावाची ज्यू तरुणी. त्याला मुंबईला उतरता येतं. तिला येत नाही. पुढचं सांगत नाही कारण आमच्यातल्या निम्म्यांनी अजून वाचलेलं नाहीये. मी ती विशीत वाचली होती प्रेमकथा म्हणून, आणि गेल्या वर्षी तो सगळा गदारोळ चालू असताना परत हातात घेतली तर मला त्यात प्रेमकथा मागे गेलेली दिसली आणि पासपोर्ट पुढे आलेला दिसला. कुणाला कुठे उतरू द्यायचं, कुणाकडे कागद आहेत, कुणाची भाषा बोटीवर कुणाला कळते. मराठीत हे सगळं पंच्याऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे आणि आपण मात्र समजतो की मराठी पुस्तक म्हणजे गाव, शेत आणि वाडा. मला आमच्या ग्रुपमध्ये हे हवं होतं, हिंदी की मराठी यावर परत एकदा भांडणं नव्हे, त्या भांडणाच्या तळाशी जे आहे त्यावर बोलणं, आणि तेही मराठीतच, मराठी लेखकाचा हात धरून.

एकाने लगेच हरकत घेतली की हे पुस्तक तू तुझा मुद्दा पुढे रेटायला निवडतेयस. बरोबर होतं त्याचं, थोडंसं. मी त्याला म्हटलं की चर्चा तू चालव मग, प्रश्न तू काढ, मी शेवटी बोलते. तो तयार झाला, आणि मला वाटतं तिथेच आमचा क्लब खऱ्या अर्थाने सुरू झाला. मतदान झालं, रणांगण नऊ, स्मृतिचित्रे सहा, दोघं तटस्थ.

निकाल लागून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर कुणीतरी रणांगणची स्कॅन केलेली पीडीएफ ग्रुपवर टाकली. प्रेमानेच टाकली. मी ती काढायला लावली आणि त्यावरून एका संध्याकाळपुरता अबोला झाला. बेडेकर १९९८ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकाचा हक्क अजून कितीतरी वर्षं त्यांच्या वारसांचा आहे, आणि मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात हे आपण सगळे जाणतो. भाषेसाठी मेळाव्याला जाणाऱ्या माणसाने पुस्तकाची चोरीची प्रत फिरवणं मला सहन होत नाही. बाहेरच्या लोकांचं म्हणणं होतं की पोस्टाचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो, तेही खरं आहे, मला माहितीय. मग तोडगा निघाला. भारतातल्यांनी तिथल्या तिथे घ्यायचं किंवा वाचनालयातून आणायचं, महाराष्ट्रात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालयं आहेत, त्यांच्या कपाटांना कुणी हात लावत नाही म्हणून आपण ओरडतो आणि स्वतः तिथे पाऊल ठेवत नाही. आमच्यातल्या तिघांनी या निमित्ताने वीस वर्षांनी वाचनालयाचं वर्गणीदार होऊन दाखवलं, आणि एका ठिकाणी ग्रंथपालांनी आपणहून विचारलं की तुमच्या चर्चेला मी बसू का. बसा म्हटलं. आता आम्ही अठरा आहोत. इंग्लंडमधल्या आम्हा पाच जणांसाठी एकीचे आईवडील येताना सामानात पाच प्रती घेऊन आले, पातळ पुस्तक निवडल्याचा तोही फायदा.

मुलांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, बोलते पण, देवनागरी मात्र अडखळत वाचते, एका पानाला पंधरा मिनिटं. ग्रुपवर भारतातले लोक म्हणतात की तुम्ही शिकवलं नाही. शनिवारी मराठी शाळेत नेत होते मी तिला चार वर्षं, जाऊन-येऊन दोन तास ड्रायव्हिंग, आणि त्या शाळेतल्या ताया सगळ्या नोकरी सांभाळून फुकट शिकवणाऱ्या. त्यामुळे तो ठपका मी घेत नाही. आणि पुण्यामुंबईतल्या इंग्लिश मीडियमच्या मुलांचंही वाचन फार वेगळं नाहीये, हे आमच्यातल्याच एकीने अगदी रडवेल्या आवाजात सांगितलं, तेव्हा बाहेरचे आणि घरचे असा भेद त्या दिवसापुरता उरला नाही. सध्या मी रात्री मुलीला रणांगणची दोन-दोन पानं मोठ्याने वाचून दाखवतेय. सोळाची आहे ती, तिला कथा झेपते, जुने शब्द अडतात, तिथे थांबून अर्थ सांगते, कधी मलाच नीट सांगता येत नाही मग काकूंना व्हॉइस मेसेज टाकतो आम्ही दोघी आणि काकूंचं उत्तर येतं, अगं हा शब्द आमची आई वापरायची. मुलगी ते मेसेज जपून ठेवते.

पहिली भेट येत्या रविवारी आहे. ज्याने हरकत घेतली होती त्याने प्रश्न पाठवलेत, पाचच आहेत पण नीट विचार करून काढलेले, आणि पहिलाच असा की बोट मुंबईच्या धक्क्याला लागते तेव्हा वाचताना तुम्ही स्वतः कुठे उभे होतात, डेकवर की धक्क्यावर. मी दोन दिवस त्याच प्रश्नावर आहे. काकूंनी तर वाचून झाल्या झाल्या रात्री साडेअकराला मला मेसेज केला, लांबलचक, त्यांचं उत्तर ठरलेलं होतं आणि मी धरून बसले होते त्याच्या बरोब्बर उलटं होतं. त्यांना लिहिलं, काकू, हे रविवारी सगळ्यांसमोर बोला, आत्ता नको.