पंटर म्हणून रुजू होताना

सर्वप्रथम हार्दिक अभिनंदन! हल्ली पक्की नोकरी मिळते कुणाला? त्यात तुम्हाला थेट महाखलनायकाच्या अड्ड्यावर जागा मिळाली. राहायला डोंगराच्या पोटात खोली, दोन वेळचं जेवण, गणवेश साहेबांचा, हत्यारही साहेबांचंच. मुलाखतीत पेन्शनचं विचारलं नाहीत, हे बरं केलंत. ज्याने विचारलं होतं त्याच्याच जागेवर तुमची नेमणूक झाली आहे.

घरच्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, इमानेइतबारे काम कर, कुणी तुझ्या केसाला धक्का लावणार नाही. हा सल्ला बाकी कुठेही चालेल. तुमची समजूत अशी असणार की साहेब मारतात ते कामचुकारांना. तसं असतं तर अर्धे अड्डे सुरक्षित असते. २००८च्या ‘द डार्क नाइट’ची सुरुवात आठवा. विदूषकाचे मुखवटे घातलेली टोळी बँक लुटते आहे. अलार्म बंद करणाऱ्याने अलार्म बंद केला, की त्याला गोळी. तिजोरी उघडणाऱ्याने तिजोरी उघडली, की त्यालाही गोळी. दोघांचंही काम चोख, आणि गोळी घालणारा बरोबरचाच माणूस. त्याला आधीच सांगून ठेवलेलं, याचं काम झालं की उडव, वाटेकरी एक कमी. आपल्याबद्दलही असंच कुणाला तरी सांगितलेलं असेल, अशी शंका यांना यायला हवी होती. पण बढती मिळाल्यासारखं वाटत असताना माणसाला शंका येत नाही. तेव्हा तिजोरी उघडायला सांगितली तर एक कुलूप तेवढं राहू द्या. पार्ट पुण्याहून यायचाय म्हणा. गुरुवारी विचारलं तर सोमवार सांगा. जोवर काम अडलेलं आहे तोवर तुम्ही आहात.

आता वाईट बातमी घेऊन परत येण्याविषयी. येऊ नका. ‘शोले’तल्या कालियाचं (म्हणजे आपल्या विजू खोट्यांचं) काय चुकलं ते नीट बघा. तिघं जण घोड्यावर बसून रामगढला धान्य वसूल करायला गेले आणि दोघांचा मार खाऊन आले. इथवर ठीक, धंद्यात असं होतं. पण परतताना ढुंगणाखाली घोडा होता, मोकळा माळ होता, चारी दिशा होत्या. त्यातून तिघांनी नेमकी अड्ड्याची दिशा निवडली! वर सरदाराने समोर माणसं किती होती असं विचारल्यावर दोन म्हणून खरं सांगून टाकलं. अहो, वीस तरी म्हणायचं. गब्बर हिशेबाला पक्का. पिस्तुलात गोळ्या सहा आणि माणसं तीन, हे त्याला अन्यायाचं वाटलं, म्हणून तीन गोळ्या त्याने हवेत उडवल्या, चक्र फिरवलं आणि एकेकावर रोखून चाप ओढला. तिन्ही वेळा रिकामं. चक्र एकदाच फिरवलं असं धरलं, तर हे घडण्याची शक्यता सहात एक. इतकं नशीब माणसाचं आयुष्यात कितीदा फळफळतं? तिघं हसले, गब्बर हसला, सगळा अड्डा हसला, आणि हसता हसता तिघांनाही गोळ्या घातल्या. चक्रातल्या तीन गोळ्या, समोर तीन माणसं, हिशेब चुकता. आणखी एक. खाल्ल्या मिठाची आठवण साहेबांना कधीही करून देऊ नका. कालियाने दिली होती. मीठ खाल्लंय म्हणणाऱ्याला पुढे काय खायला घालायचं, ते साहेबांनी आधीच ठरवलेलं असतं.

माफी मागायला स्वतः जाणं हाही एक रोग आहे, सुसंस्कृत घरातल्या मुलांना फार होतो. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधला कॅप्टन नीडा असाच. शत्रूचं यान त्याच्या डोळ्यांदेखत निसटलं. मी जबाबदारी घेतो, असं म्हणून हा सभ्य गृहस्थ स्वतः आपल्या साहेबांकडे, म्हणजे डार्थ व्हेडरकडे गेला. पुढच्या प्रसंगात तो जमिनीवर पडलेला आणि व्हेडर त्याला सांगतोय की तुझी माफी स्वीकारली आहे. लेखी कळवलं असतं तर वाचला असता का? तेही सांगता येत नाही. त्याच्याआधीच्या ॲडमिरल ऑझेलचा गळा व्हेडरने पडद्यावरून आवळला होता, स्वतः त्याच यानातल्या दुसऱ्या खोलीत बसून. ऑझेल शेजारी गुदमरत असतानाच कॅप्टन पिएटला ॲडमिरल करून टाकलं. इतक्या झटपट बढती आमच्या माहितीतल्या एकाही कार्यालयात झालेली नाही. हा पिएट मात्र अभ्यास करावा असा माणूस. शेवटी त्याच्याही हातून तेच यान निसटतं. तो काय करतो? काही नाही. खुलासा नाही, दिलगिरी नाही, मिठाचा विषय नाही. तोंड मिटून उभा राहतो, आणि व्हेडर एक शब्दही न बोलता निघून जातो.

साहेबांनी तुम्हाला सगळी योजना समजावून सांगितली तर तुम्हाला वाटेल, आता आपण खास माणसांत जमा झालो. ‘गोल्डफिंगर’ या बॉण्डपटात (१९६४) अमेरिकेतल्या मोठमोठ्या गुंडांनाही तसंच वाटलं असणार. गोल्डफिंगर साहेबांनी त्यांना केंटकीतल्या आपल्या घोड्यांच्या फार्मवर बोलावलं. बटण दाबलं की बिलियर्डचं टेबल उलटतंय, जमीन सरकतेय, खालून फोर्ट नॉक्सच्या सोन्याच्या कोठारांची आख्खी प्रतिकृती वर येतेय. विमानं कुठून येणार, विषारी वायू कुठे फवारणार, सगळं बैजवार. आणि व्याख्यान संपल्यावर दारं लावून घेऊन त्याच खोलीत विषारी वायू सोडला, सगळे श्रोते जागीच गार. ज्यांना मारायचंच आहे त्यांच्यासाठी एवढं नेपथ्य कशाला, हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळतोय. बहुधा साहेबांना श्रोते हवे असतात. मालकाच्या कविता ऐकणाऱ्या कारकुनांना हे लगेच कळेल. तेव्हा प्रतिकृती वर येऊ लागली की आधी खिडकी कुठे आहे ते बघा. नसेल तर श्वास रोखून धरायचा सराव घरूनच करून जा.

बैठकीत शक्यतो उभेच राहा. मूळव्याधीचं कारण सांगितलंत तर कुणी जास्त खोलात जात नाही. १९६५च्या ‘थंडरबॉल’मध्ये टोळीतल्या अफरातफर करणाऱ्या सदस्याला ब्लोफेल्डने (हाही बॉण्डचाच खलनायक) बसल्या खुर्चीत विजेचा झटका दिला. खुर्ची जमिनीखाली गेली, रिकामी होऊन वर आली आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. दोन वर्षांनी याच साहेबांनी पिरान्हा माशांच्या हौदावर पूल बांधला आणि त्याची कळ पायाखाली ठेवली. पूल ओलांडा म्हटलं की धावत ओलांडा, किंवा साहेबांनाच आधी आपण म्हणून वाट द्या. आणि परदेशी पाहुणे येणार असतील त्या दिवशी सरळ रजा टाका. ‘मिस्टर इंडिया’तल्या मोगॅम्बोने पाहुण्यांना आपल्या माणसांची निष्ठा दाखवायला त्यांना आम्लाच्या कुंडात उड्या मारायला लावल्या होत्या. त्यांनी मारल्याही. पाहुण्यांवर छाप पडली असेल, पण दुसऱ्या दिवशीच्या पाळीला माणसं कमी पडली असतील, त्याचं काय?

एवढं वाचून धीर सुटला असेल तर सांगतो, अड्ड्यावर टिकणारी माणसंही असतात. ब्लोफेल्डचं पांढरं मांजर बघा. काम शून्य, बैठक कायम मांडीवर, आणि त्याला हौदात टाकायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. ‘शोले’तला सांबा घ्या. बंदूक घेऊन उंच खडकावर बसायचं, गावात वसुलीला जायचं नाही, आणि सरकारने सरदाराच्या डोक्यावर किती इनाम लावलंय असं विचारलं की पन्नास हजार म्हणायचं. साहेबांना सुखावणारा एकच आकडा पाठ. मॅकमोहनच्या त्या एवढ्याशा बोलण्यावर माणूस देशभर ओळखला गेला! असं खडकावरचं पद रिकामं नसेल तर देखभाल विभागात बदली मागा. त्या माशांना रोज खाऊ कोण घालतं? खुर्चीखालच्या झडपेला तेलपाणी कोण करतं? हा माणूस कधी पडद्यावर दिसला आहे का? दिसत नाही, कारण तो जिवंत आहे आणि कामात आहे. त्याला मारलं तर झडप भर बैठकीत अडकेल आणि साहेबांना बटण तीन-तीनदा दाबावं लागेल. कुठल्याही साहेबाला एवढा अपमान सोसत नाही.

राहता राहिला हिरो. साहेबांना कंटाळून त्याला सामील व्हायचा विचार काही जण करतात. करा, पण त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे? अड्ड्यात शिरताना तो पहिल्याच जिन्यावर दहा-बारा जणांना लोळवतो. कुणाला दोन मुलं आहेत, कुणाची आजपासूनच रात्रपाळी लागली आहे, तो विचारायला थांबत नाही. साहेब निदान मारताना नावाने हाक मारतात.

पगार मात्र आगाऊ घ्या, आणि रोख. सोन्यात देतो म्हणाले तर सावध. ‘गोल्डफिंगर’मधल्या मिस्टर सोलोने बाकीच्यांसारखं थांबायचं नाकारलं, आपल्या वाट्याचं सोनं मागून घेतलं आणि निघाला. त्याला वाटेत गोळी घातली, आणि तो, त्याचं सोनं आणि ती लांबलचक गाडी, तिन्ही मिळून भंगाराच्या यंत्रात एक चौकोनी ठोकळा करून टाकला. म्हणून सोनं घेतलंच तर ते डिकीत ठेवू नका, आणि सोडायला साहेबांची गाडी येतेय म्हणाले तर बसस्टॉप जवळच आहे म्हणून सांगा.